साखरेचा माग आणि तोंडातला पांढरा चट्टा

आमच्या तालुक्यात ‘नॅनो’ हा शब्द, त्या नावाची छोटी मोटार सोडली तर, पहिल्यांदा आला तो कृषी केंद्राच्या फळीवर, अर्ध्या लिटरच्या बाटलीत. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीचे काम ही बाटली करील, असे २०२१ पासून सांगितले जाऊ लागले. कुणी ती हौसेने फवारली, कुणाच्या गळ्यात ती गोणीबरोबर मारली गेली, आणि पुढे पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत गहू आणि भाताचे उत्पादन नेहमीच्या खतमात्रेपेक्षा कमी आल्याचे छापून आले, तेव्हा पारावर कुणाला फारसे नवल वाटले नाही. म्हणूनच, कर्करोगाच्या पेशी त्यांच्या खाण्यावरून हुडकणाऱ्या आणि नेमक्या तिथेच औषध सोडणाऱ्या नॅनोकणांविषयी मी वर्गात बोलत होतो तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, थेबी बाटलीतच येते काय?’’

वर्ग हसला, मीही हसलो, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. मी तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो, घरी कोरडवाहू कापसाची शेती आहे आणि घराण्यात तोंडाचा कर्करोग पाहिलेला आहे. या तिन्ही ठिकाणांहून पाहिल्यावर मला असे दिसते की, ज्या खेड्यात साधा दवाखाना धड चालत नाही तिथे नॅनोच्या गप्पा कशाला, असे म्हणणारे आणि आता कर्करोग हरलाच म्हणून समजा, असे म्हणणारे, हे दोघेही या विषयाचे दोन वेगळे भाग एकाच पोत्यात भरतात. रोगट पेशी शोधणे हे एक काम आहे आणि ती मारणे हे दुसरे. मारण्याच्या कामात नॅनोकणांच्या वाटेत जे अडथळे आहेत ते मोठे आहेत आणि लवकर सुटणारे नाहीत. शोधण्याच्या कामात, विशेषतः तोंडाच्या बाबतीत, त्यातले बरेचसे अडथळे मुळात येतच नाहीत. तेव्हा सार्वजनिक पैसा आधी शोधण्यावर, आणि शोधण्यातही आधी तोंडावर, खर्च व्हावा आणि त्याच्या चाचण्या विदर्भातल्याच माणसांवर, त्यांच्या पूर्ण माहितीने, व्हाव्यात, असे माझे म्हणणे आहे.

पेशीच्या खाण्याची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. ग्लुकोजचा एक रेणू ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण जाळला तर पेशीला ऊर्जेच्या चलनाचे, म्हणजे एटीपीचे, सुमारे ३० ते ३२ रेणू मिळतात. तोच ऑक्सिजनविना अर्धवट मोडला तर अवघे २ मिळतात. शहाण्या पेशीने पहिला मार्ग धरावा हे उघड आहे. पण १९२० च्या दशकात जर्मनीत ओटो वारबुर्ग यांना असे आढळले की, गाठीतल्या पेशी आजूबाजूला ऑक्सिजन असतानाही दुसराच, उधळपट्टीचा मार्ग धरतात आणि साखरेचे लॅक्टिक आम्ल करून बाहेर टाकतात. आमच्याकडे मोहफुलांचा सडवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन समजते. मडक्यात हवा नसते म्हणून यीस्ट साखर अर्धवट मोडते आणि दारू होते. कर्करोगाची पेशी हवा असूनही सडवाच घालते, फक्त दारूऐवजी आम्ल निघते. वारबुर्ग यांना १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते श्वसनाच्या विकरावरील कामासाठी. या पेशींच्या ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका बिघडलेल्या असतात म्हणून त्या असे करतात, हा त्यांचा तर्क मात्र पुढे टिकला नाही. बहुतेक गाठींत तंतुकणिका शाबूत असतात. भराभर वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच नवी आवरणे, नवी प्रथिने आणि नवा डीएनए बांधण्यासाठी कच्चा माल लागतो, आणि अर्धवट मोडलेली साखर तो पुरवते, असे आज मानले जाते.

या खाण्याच्या खुणा बाहेरून दिसतात, आणि सगळी मदार त्या खुणांवर आहे. साखर आत घेणारी दारे अशा पेशींच्या पृष्ठभागावर जास्त असतात. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो, तर गाठीच्या भोवतालचा ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो, म्हणजे तिथे आंबटपणा वाढतो. गाठीच्या पोटात ऑक्सिजन कमी पडतो. या खुणा ओळखू शकणारा कण तयार करणे हा आज जगभरच्या प्रयोगशाळांत चालू असलेला उद्योग आहे.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो आमच्याकडे माणसे उपाशी मारतो. ‘कर्करोगाला साखर आवडते, मग साखर बंद करा, तो मरेल’ असा संदेश मोबाईलवर फिरतो आणि घरचे लोक रुग्णाचा चहा, भात, केळी बंद करून त्याला कडुनिंबाच्या रसावर ठेवतात. रक्तातली साखर चहातल्या चमचाभर साखरेवर अवलंबून नसते. खाल्ले नाही तर यकृत ती साठ्यातून काढते, साठा संपला तर स्नायूंच्या प्रथिनांपासून बनवते. रुग्णाचे वजन उतरते, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार सोसण्याची ताकद जाते, आणि गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो. पेशीच्या भुकेचे हे शास्त्र शोधण्यासाठी उपयोगाचे आहे. स्वयंपाकघरात त्याचा अर्थ लावू नये.

शोधण्यासाठी ते किती उपयोगाचे आहे, आणि आमच्यासारख्यांच्या हाती ते कसे निसटते, हे मी माझ्या मोठेबाबांबरोबर एका दिवसात पाहिले. त्यांच्या गालात आतून जखम होती, मानेत गाठ लागत होती, आणि रोग पसरला आहे का हे पाहण्यासाठी नागपूरला पेट स्कॅन ठरला होता. पेट स्कॅन म्हणजे साखरेचाच माग. ग्लुकोजसारखा दिसणारा, पण किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला रेणू शिरेतून देतात. भुकेली पेशी तो साखर समजून आत घेते, त्याला फॉस्फेट जोडते, आणि पुढे तो तिला पचवता येत नाही, त्यामुळे तो तिथेच अडकतो आणि यंत्राला दिसतो. माणसाला ही सुई पहिल्यांदा १९७६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दिली गेली. या फ्लोरिनचा निम्मा भाग दर ११० मिनिटांनी संपत असल्याने तो सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनवून तासांच्या हिशेबाने पोहोचवावा लागतो. कापसाच्या सरकीसारखा तो गोदामात भरून ठेवता येत नाही.

पहाटेची पहिली एसटी धरून आम्ही निघालो. उपाशी यायचे असे आम्हाला कुणी तरी सांगायला हवे होते, चिठ्ठीवर ते इंग्रजीत बारीक अक्षरात होतेही, पण ती चिठ्ठी मी स्वतः आदल्या रात्री वाचली नाही, ही माझी चूक. वाटेत बस थांबली तेव्हा मोठेबाबांनी दोन कप गोड चहा आणि त्यात बुडवून दोन बिस्किटे घेतली. तोंडात आग होत असल्याने तेवढेच त्यांना जात होते. केंद्रावर बोटाला टोचून साखर पाहिली, ती २०० च्या वर होती. मधुमेह आहे हे त्यांना त्या दिवशी कळले. तंत्रज्ञ मुलगी समजूतदार होती. तिने सांगितले की, रक्तात साखर जास्त असली की यंत्राची साखर आणि खरी साखर एकाच दारात गर्दी करतात, त्यात इन्सुलिन वाढले की स्नायूच सगळे ओढून घेतात आणि गाठ अंधुक दिसते. आज स्कॅन करून उपयोग नाही. ‘‘अरे बापा, नुसता चहाच त घेतला, जेवलो कोठी!’’ मोठेबाबा मला म्हणाले. दोन कप चहाने त्यांचा एक दिवस, माझी एक रजा आणि दोन माणसांचे येण्याजाण्याचे भाडे गेले.

दहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, या वेळी साखर आटोक्यात आणून आणि उपाशी. सुई दिल्यावर त्यांना तासभर एका खोलीत गप्प बसवले. बोलायचे नाही, चघळायचे नाही, कारण जबडा हलला तर त्याचे स्नायूच उजळतात. आयुष्यभर गालात काहीतरी धरून बसलेल्या माणसाला तो तास फार जड गेला. चित्रात गाल उजळला, मानेतली गाठ उजळली, आणि छातीतही एक ठिपका उजळला. त्या ठिपक्याने घरात दोन आठवडे रडारड झाली. शेवटी तो जुन्या क्षयाचा निघाला. क्षयाच्या जागी जमलेल्या संरक्षक पेशीही साखरेच्या भुकेल्या असतात, हे पुस्तकात मी शिकवले होते. घरात ते कळायला दोन आठवडे लागले. माझ्या म्हणण्याचा अर्धा भाग त्या ठिपक्यातून निघतो.

आता नॅनोकणांकडे येऊ. एक ते शंभर नॅनोमीटर ही त्यांची ढोबळ व्याख्या. आपली तांबडी पेशी सुमारे ७,००० नॅनोमीटर रुंद असते, त्यावरून अंदाज यावा. रेणूपेक्षा कण मोठा असल्यामुळे त्याच्या अंगावर एकाच वेळी अनेक गोष्टी लादता येतात: बाहेर ग्लुकोजचे आवरण, आत औषध, मध्ये एमआरआयला दिसणारे लोहाचे ऑक्साइड. काही कण असे बनवले आहेत की रक्तात ते बंद राहतात आणि सामू उतरला की एकदम फुटून चमकतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर गाठीची कड कुठे संपते हे सर्जनला दाखवण्यासाठी अशा कणांच्या चाचण्या रुग्णांवर झालेल्या आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये संगीता भाटिया यांच्या गटाने आणखी वेगळी युक्ती केली. त्यांच्या कणांना जोडलेले बारीक धागे गाठीतली विकरे कापतात, तुकडे मूत्रपिंडातून लघवीत उतरतात आणि कागदी पट्टीवर रेघ उमटते. हे उंदरांवर दाखवले गेले आहे, आणि त्यात माग साखरेचा नसून विकरांचा आहे. पण सायक्लोट्रॉनच्या जागी कागदाची पट्टी येऊ शकते हा विचारच आमच्यासारख्या भागासाठी महत्त्वाचा आहे.

मारण्याच्या बाजूचा हिशेब मात्र इतका उत्साहाचा नाही. १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवले की, गाठीच्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि मोठे रेणू तिथून पाझरून साचतात. त्यावर नॅनोऔषधांची सारी इमारत उभी राहिली. मेदाच्या पिशवीत भरलेले डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ साली मान्य झाले, अल्ब्युमिनला बांधलेले पॅक्लिटॅक्सेल २००५ साली. दोन्ही उपयोगी औषधे आहेत. पहिल्याने हृदयावरचा घात कमी झाला. दुसऱ्याने एरंडेलापासून केलेले ते द्रावक टाळता आले, ज्याच्यामुळे रुग्णांना जोरदार वावडे येत असे. पण त्यांचे मोठे यश त्रास कमी करण्यात आहे. नेम साधण्याबद्दल विचाराल तर टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरच्या प्रयोगांची गोळाबेरीज करून सांगितले की, शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचतात ते मध्यकाने ०.७ टक्के. उरलेले बहुतांशी यकृत आणि प्लीहेतल्या पेशी गिळतात, कारण परके कण गिळणे हेच त्यांचे काम आहे. हजार माणसे वरातीला निघाली आणि मांडवात सात पोहोचली, तर त्या वरातीला आपण नेमकी म्हणणार नाही.

समजा, पोहोचलेही. भुकेवर नेम धरला तर भूक बदलते. साखरेची वाट अडवली की कित्येक गाठी ग्लुटामाइनवर, मेदाम्लांवर, शेजारच्या पेशींनी टाकलेल्या लॅक्टिक आम्लावरसुद्धा भागवू लागतात. हे समजायला विदर्भातल्या शेतकऱ्याला जीवशास्त्राची पदवी लागत नाही. २००२ साली बीटी कापूस आला, बोंडअळीच्या आतड्यालाच लागू पडणारे विष झाडातच होते, आणि काही वर्षे ते छान चालले. सोबत येणारी १२० ग्रॅमची बिगर-बीटीची पुडी कडेने पेरायची होती, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही शिल्लक राहून विष पचवणाऱ्यांचीच पैदास वाढली नसती. ती पुडी बहुतेकांनी पेरली नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, आणि त्याच हंगामात घाबरून केलेल्या फवारण्यांत यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. एकाच खुणेवर सगळा मारा केला की जगणारे नेमके तेच असतात ज्यांना त्या खुणेची गरज नाही. गाठीतही तेच होते, फक्त हंगामाऐवजी महिन्यांत.

त्याच कापसाच्या शेतात दुसरीही एक वस्तू असते, आणि ती मला अधिक आवडते. कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा, मारण्यापेक्षा मुख्यतः मोजण्यासाठी लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग दिसले तर फवारणीचा विचार करायचा, नाहीतर पंप घरीच ठेवायचा. स्वस्त, साधा आणि मजुरालाही वाचता येणारा. कर्करोगाच्या नॅनोकणांकडून मला आज बीटी नको आहे, सापळा हवा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. मोजायला नॅनो कशाला, डोळे आहेत ना? तिरुवनंतपुरमला आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसते तोंड उघडून पाहिले, तेवढ्याने तंबाखू वा दारूची सवय असलेल्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. आपल्याच धाराशिव, तेव्हाच्या उस्मानाबाद, जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणी त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, हे २००९ साली दिसले. आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत, कर्करोगासाठी आपले तोंड कधी तरी तपासले गेले असे सांगणारे शंभरात एकाच्या आसपास आहेत. जे हातात आहे ते न करता नव्याच्या मागे धावणे हा शुद्ध आळस आहे, असे कुणी म्हटले तर मी मान हलवीन. तोंड पाहण्याचे काम उद्याच्या पट्टीची वाट न पाहता आजच झाले पाहिजे.

पण आमच्या गावात हे काम करताना मी आशाताईला पाहिले आहे, आणि तिथे डोळ्यांची हद्द संपताना दिसते. तिच्या हातात सीबॅकचा, म्हणजे आजारांची जोखीम नोंदवण्याचा, फॉर्म, मोबाईलची टॉर्च आणि एक लाकडी पट्टी होती. वावरातून आलेल्या माणसाला ओट्यावर बसवून ती म्हणाली, ‘‘भाऊ, आधी खर्रा थुंका, मग तीन बोटं उभी करून तोंडात घालून दाखवा.’’ तीन बोटे जात नसली की तोंड आखडले असे समजायचे. त्या दुपारी तिने एका गल्लीत अठरा तोंडे पाहिली. पाचांची बोटे अडली, आणि सातांच्या गालात, जिथे खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू-चुन्याची गोळी, रोज धरली जाते नेमक्या त्या जागी, पांढरा चट्टा होता. फॉर्मवर तिने साती जणांपुढे खूण केली. पुढे काय? नियमाप्रमाणे साती जणांनी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून तुकडा काढायला जिल्ह्याला किंवा सेवाग्राम-नागपूरला जायचे. त्यातले किती गेले ते मी विचारले, एक गेला. बाकीच्यांना वेचणी होती, मजुरी होती, आणि ‘तुकडा काढला की पसरते’ ही भीती होती. वाईट हे की, त्यांच्या न जाण्यात थोडे शहाणपणही आहे. असे बहुतेक चट्टे कधीच कर्करोगात बदलत नाहीत. सातांतला कोणता बदलेल, हे आशाताईच्या टॉर्चला सांगता येत नाही, आणि पुष्कळदा दंतवैद्याच्या अनुभवी डोळ्यालाही नाही.

नॅनोकणांना विचारण्यासारखा प्रश्न हा आहे: या सातांतला कोण? कर्करोग आहे की नाही, हे तुकडा आणि सूक्ष्मदर्शक उत्तम सांगतात. आम्हाला हवे आहे ते तुकडा कुणाचा काढायचा हे ओट्यावरच सांगणारे साधन, म्हणजे नागपूरची एसटी सातांनी नव्हे, दोघांनी धरावी, आणि त्या दोघांनी ती खरोखर धरावी. इथे तोंडाचा मोठा फायदा असा की, कण शिरेतून द्यावाच लागत नाही. चूळ भरून किंवा कापसाच्या बोळ्याने चट्ट्यावर लावता येतो. यकृत नाही, प्लीहा नाही, रक्तातली प्रथिने अंगाला चिकटून कणाचा चेहरामोहरा बदलणे नाही; ज्या अडथळ्यांनी मारणाऱ्या कणांची हजाराची वरात सातांवर येते ते बहुतेक बाजूला राहतात. उरलेले कण थुंकून टाकता येतात. चमकणारी साखर तोंडाच्या ऊतीवर वरून लावून रोगट भाग जास्त उजळतो का, हे तपासणारे प्रयोग झालेलेही आहेत. शरीराच्या खोल भागातल्या गाठींसाठी जे पंचवीस वर्षांचे काम आहे, ते गालाच्या आतल्या पातळ कातड्यासाठी दहा वर्षांत व्हायला हरकत नसावी, असा माझा रसायनशास्त्राच्या माणसाचा अंदाज आहे. अंदाजच, पण बिनबुडाचा नाही.

मात्र ते काम इथेच व्हायला हवे, आणि त्याला भावनेपेक्षा रसायनशास्त्राचे कारण आहे. आंबटपणावर फुटणारा कण बोस्टनच्या स्वच्छ तोंडात शिकून आला तर आमच्या तोंडात तो दोन्हीकडून फसेल. दातांवर साचलेल्या थरातले जिवाणू स्वतःच साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे किडलेल्या दाताशेजारचा निरोगी गालही आंबट. आणि खर्र्यातला चुना अल्कधर्मी, म्हणजे खरी रोगट जागाही काही काळ निवलेली. साखरेवर जाणारा कण चुन्याने भाजलेल्या, सुपारीने खरवडलेल्या, सुजलेल्या जागेवरही जाईल, कारण सूज भरून काढणाऱ्या पेशी भुकेल्याच असतात. मोठेबाबांच्या छातीतल्या ठिपक्याने आम्हाला तेच शिकवले. त्यातच मधुमेह, पांडुरोग, सिकलसेल आणि क्षय ज्या गावांत शेजारी शेजारी नांदतात, तिथे कणाचा निकाल काय येतो हे गणिताने काढता येत नाही, मोजावे लागते. चुकीच्या ‘हो’ चे प्रमाण इथे ठरले नाही तर पट्टी दुसऱ्या कुठे तरी उत्तीर्ण होऊन इथे येईल आणि सातांतल्या सहांना घाबरवून नागपूरला पाठवील. मग आठव्या माणसाचा विश्वास कायमचा गेला.

दुसरा आक्षेप इथल्या चाचण्यांनाच आहे, आणि तो घेणाऱ्यांना मी विरोधक मानत नाही. खम्मम आणि वडोदरा इथे एचपीव्ही लसीचा जो अभ्यास २०१० साली थांबवावा लागला, त्यात आदिवासी मुलींच्या वतीने वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे संसदीय समितीने नोंदवले आहे. ज्या अभ्यासाचा मी वर कौतुकाने उल्लेख केला त्या उस्मानाबादच्या अभ्यासावरही, तुलनेसाठी हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवले, अशी टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. आमच्याकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, ‘नॅनो’ हा शब्द समजावणे बाजूलाच राहो, ‘संशोधन’ हा शब्दही कोलामीत कसा सांगायचा हे आधी पोडावरच्याच कुणाकडून शिकावे लागेल. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ साली नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यात सुरक्षिततेच्या कसोट्या आहेत. पण पोडावरच्या सहीची कसोटी आपल्यालाच घालावी लागेल. माझ्या मते तीन अटी किमान असाव्यात. ज्यांच्यावर चाचणी होईल त्या प्रत्येकाचे तोंड नेहमीच्या पद्धतीनेही तपासले जावे. ज्याच्यात रोग निघेल त्याच्या उपचाराची, प्रवासाची आणि बुडालेल्या मजुरीची तजवीज चाचणीच्या अंदाजपत्रकातच असावी. आणि पट्टी यशस्वी झाली तर ती याच उपकेंद्रांना कोणत्या भावाने मिळेल हे आधी लिहून द्यावे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघतो, पण तुकडा काढायला गेलेल्या दिवसाची वेचणी कुणी भरून देत नाही, आणि सातांतले सहा त्या एका दिवसासाठी थांबतात.

एक भीती मला स्वतःलाही आहे. शोध सोपा झाला आणि खर्रा तसाच राहिला, तर लोक म्हणतील, पट्टी आहेच, घोटा अजून. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि खर्रा चौकाचौकात घोटला जातो. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ सारखे दारू-तंबाखूमुक्तीचे काम गावोगाव बायकांना हाताशी धरून चालते, तसे ते प्रत्येक जिल्ह्यात नाही. पट्टीमुळे ही सवय वाढेल असे मला वाटत नाही, कारण खर्रा चघळणारा माणूस आजही आपल्या तोंडाबद्दल निश्चिंत नसतो, तो फक्त आरशात पाहत नाही. पण हे मत आहे, आणि चाचणी होईल तेव्हा खर्रा सुटला की वाढला हेही तिने मोजावे.

मोठेबाबांचा जबडा अर्धा गेला, ते आहेत, पेज पितात आणि नातवंडांवर खुणांनी ओरडतात. वर्गातल्या त्या मुलाच्या प्रश्नाला मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. बाटलीत येवो की पुडीत, त्यावर काय छापलेले हवे हे मात्र मला आता पक्के ठाऊक आहे: खर्रा थुंकल्यावर किती वेळ थांबायचे, चूळ कशाने भरायची, दात दुखत असेल किंवा क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर आशाताईला आधी काय सांगायचे, आणि सकाळी चहा घेतला असेल तर चालते की नाही. मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि पोडावर तोंडी सांगता येईल इतक्या थोड्या शब्दांत.